ख्यालीखुशाली

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला बोलण्याचे निमंत्रण दिले, तेव्हा विषयाची निवडही माझ्यावरच सोपवली. मंडळाचा इतिहास सांगावा असे प्रथम मनात आले. परंतु तो माझ्याहून अधिक अधिकाराने सांगणारी मंडळी पहिल्या दोन रांगांत बसलेली आहेत. परप्रांतातील मराठीचे भवितव्य हा दुसरा विषय. पण त्यावर बोलू लागले की वक्त्याचा आवाज आपोआप चढतो आणि श्रोत्यांच्या पापण्या आपोआप उतरतात. म्हणून मी अगदी साधा विषय घेतला आहे : ख्यालीखुशाली. गेल्या काही वर्षांत या बंगळुरात आपण कसे राहिलो, कशाने सुखावलो, कशाने वैतागलो, हे सांगावे. आणि एकमेकांना असे सांगणे ही केवळ वेळ घालवण्याची गोष्ट आहे की आणखी काही, याचाही थोडा विचार करावा, एवढाच माझा हेतू आहे.

पूर्वी पत्राच्या आरंभी 'इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे' असे लिहीत. हा एक रिवाज होता. तो पाळून झाला की खरे पत्र सुरू होई. मी १९७६ साली लग्न होऊन साताऱ्याहून येथे आले, तेव्हा मिरजेला ब्रॉडगेजच्या गाडीतून उतरून सामानासह मीटरगेजच्या गाडीत चढावे लागे. आईची आंतर्देशीय पत्रे त्याच वाटेने येत असावीत. पहिल्या ओळीत सर्व क्षेम असे आणि दुसऱ्या ओळीपासून क्षेम नसलेले सगळे. यंदा डाळीला कीड लागली, वरच्या आळीतल्या काकूंनी पुन्हा अबोला धरला आहे, नळाला पहाटे चारला पाणी येते, धाकट्याला गणितात कमी गुण मिळाले पण तबला चांगला वाजवतो. कागद संपला की मजकूर कडेच्या घडीवर चढे आणि ते वाचायला पत्र चहूबाजूंनी फिरवावे लागे. त्या पत्रात बातमी म्हणावी असे फारसे काही नसे. परंतु ते वाचून मी घरीच असल्यासारखी होत असे.

त्या काळी मराठी माणसे या शहरात आली ती बहुतांशी कारखान्यांच्या निमित्ताने. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली येथे विमानांचा कारखाना काढला, तोच पुढे एचएएल झाला. १९४८ मध्ये आयटीआय, १९५३ मध्ये एचएमटी, १९५४ मध्ये बीईएल असे एकामागून एक कारखाने उभे राहिले आणि त्यांच्या वसाहतींतून एखाद्या खिडकीत गुढी दिसू लागली. गरज हाच आपल्याला एकत्र आणणारा धागा होता. आमसुले कोणाकडे, भाजणी कोण दळून देते, पौरोहित्याला कोण येईल, पुण्याला निघालेल्या कोणाच्या सामानात एक पिशवी जागा आहे, ही सर्व माहिती मिळण्याचे ठिकाण म्हणजे मंडळ. एक दिवाळी अंक पंधरा घरे फिरून शिमग्यापर्यंत परत येई आणि त्याच्या पानांवर पंधरा स्वयंपाकघरांच्या खुणा असत.

असो. आता इकडील मजकूर.

आरंभ पाण्यापासून करणे भाग आहे. कावेरीचे पाणी या शहरात प्रथम आले ते १९७४ साली. सुमारे शंभर किलोमीटरांवरून, टप्प्याटप्प्याने पंपांनी वर चढवून ते आणावे लागते. कारण आपले हे शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून उंचावर बसलेले आहे. ज्या थंड हवेसाठी आपण नातेवाइकांपुढे फुशारकी मारतो, तिची ही किंमत. २०२४ च्या उन्हाळ्यात बोअरवेली आटल्या तेव्हा ती व्याजासह मोजावी लागली. पिण्याच्या पाण्याने मोटार धुतल्यास पाच हजार रुपये दंड, असा हुकूम त्या मार्चमध्ये निघाला. आमच्या इमारतीत टँकरची वाट पाहत आम्ही फाटकाशी उभ्या राहत होतो. बारा-बारा वर्षे एकाच जिन्याने चढणाऱ्या बायकांना एकमेकींची नावे तेथे कळली. तेलुगू, बंगाली, मल्याळी, कन्नड आणि मराठी अशा पाच भाषांत टँकरवाल्याची निंदा झाली आणि आश्चर्य म्हणजे ती सर्वांना समजली. पुढे १६ ऑक्टोबर २०२४ रोजी कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. रोज साडेसत्त्याहत्तर कोटी लिटर पाणी वाढवणारी ही योजना भोवतालच्या ११० गावांच्या हद्दीसाठी आहे. आपल्यापैकी ज्यांनी त्या बाजूला घरे घेतली आहेत, त्यांच्या तोंडी आता टँकरच्या गोष्टी कमी ऐकू येतात.

पाणी नाही म्हणून हैराण झालेले हेच शहर दोन वर्षे आधी पाणी फार झाले म्हणून हैराण होते. २०२२ च्या सप्टेंबरात बाहेरचा रिंगरोड आणि बेळ्ळंदूरचा परिसर बुडाला आणि संगणकावर काम करणारी मुले ट्रॅक्टरांत उभी राहून कचेऱ्या गाठू लागली. तलावांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या की पाऊस आपला जुना पत्ता शोधत येतो. हे दृश्य दूरचित्रवाणीवर पाहून साताऱ्याच्या माझ्या भाच्याने विचारले, "मावशी, तुमच्याकडे शेतीही सुरू झाली का?"

वाहतुकीविषयी नवे काय सांगावे? टॉमटॉम या संस्थेच्या पाहणीत २०२२ साली शहराच्या मध्यभागात दहा किलोमीटर जाण्यास सरासरी २९ मिनिटे १० सेकंद लागल्याचे निघाले, आणि लंडनच्या खालोखाल जगात आपला दुसरा क्रमांक लागला. वरचे दहा सेकंद कोणी मोजले असतील, त्या माणसाच्या चिकाटीचे मला कौतुक वाटते. येथे अंतर किलोमीटरांत सांगतच नाहीत, तासांत सांगतात. देवनहळ्ळीचा विमानतळ २००८ साली सुरू झाल्यापासून तर दक्षिणेकडे राहणाऱ्याला पुण्याच्या प्रवासात विमानापेक्षा टॅक्सीतच अधिक वेळ बसावे लागते. २०२५ च्या सप्टेंबरात शहराच्या एका महापालिकेच्या पाच झाल्या. खड्ड्यांनी मात्र या हद्दी अद्याप मानलेल्या नाहीत.

पण केवळ कुरकुर करणे कृतघ्नपणाचे होईल. २० ऑक्टोबर २०११ रोजी मेट्रोचा पहिला लहानसा तुकडा सुरू झाला, तेव्हा आपण सहकुटुंब, डबे घेऊन, जणू सहलीला निघाल्यासारखे तीत बसायला गेलो होतो. २०२३ च्या ऑक्टोबरात ती व्हाइटफील्डपासून चल्लघट्टपर्यंत अखंड धावू लागली. १० ऑगस्ट २०२५ रोजी आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र ही पिवळी मार्गिका उघडली आणि जयनगरकडची आपली मुले दिवसाउजेडी घरी परतू लागली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मेट्रोचे सर्वांत मोठे भाडे साठावरून नव्वद रुपयांवर गेले, हेही पत्रात लिहिलेच पाहिजे, नाहीतर आई म्हणाली असती, "भाव का नाही कळवलास?"

भाड्यावरून आठवले. ११ जून २०२३ पासून राज्यातील स्त्रियांना सरकारच्या साध्या बसगाड्यांतून विनामूल्य प्रवास मिळू लागला. कंडक्टर शून्य रुपयांचे तिकीट फाडून हातात देतो. या शून्याची किंमत फार मोठी आहे. माझ्या ओळखीच्या दोघी मैत्रिणी, दोघींनीही सत्तरी ओलांडलेली, दर गुरुवारी कोणाकडे पैसे न मागता आणि कोणाला गाडी काढायला न सांगता घराबाहेर पडतात. कधी लालबाग, कधी मल्लेश्वरमचे काडु मल्लेश्वराचे देऊळ. हे देऊळ व्यंकोजीराजांच्या काळचे म्हणतात. याच शहराच्या बसमध्ये शिवाजीराव गायकवाड नावाचा एक मराठी घरातला तरुण तिकिटे फाडत असे. पुढे जगाने त्याला रजनीकांत म्हणून ओळखले. त्या दोघींना बसमध्ये एखादा उमदा कंडक्टर दिसला की त्या आजही एकमेकींना कोपराने ढोसतात.

आणखी एक सुख फुकट मिळते, ते झाडांचे. गुस्ताव क्रुंबिगल हा जर्मन उद्यानतज्ज्ञ १९०८ साली लालबागेत आला, तो बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या पदरी काम करून. एका जातीचा बहर ओसरला की दुसरीचा यावा अशा बेताने रस्त्यांवर झाडे लावण्याचे श्रेय त्याला देतात. त्यामुळे वर्षारंभी टॅबेबुयाचा गुलाबी सडा, मग जॅकरंडाचा जांभळा, मग गुलमोहराचा लाल. सिग्नलला अर्धा तास अडकलेल्या माणसाला मान वर करण्याचे एवढे एक निमित्त शहराने ठेवले आहे.

आणि खाण्यापिण्याचे काय सांगू? गांधी बाजारातल्या १९४३ सालच्या विद्यार्थी भवनात दोशासाठी ताटकळण्याचे दुःख दोशाच्या पहिल्या घासाला विसरते. एका कॉफीचे दोन पेले करणारी 'बाय टू' आणि आपला 'कटिंग' ही सख्खी भावंडे. थंडीत अवरेकाईच्या शेंगांचा वास आला की आपल्याला वालपापडी आठवते. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीला कडलेकाई परिषे भरते, त्या भुईमुगाच्या जत्रेतून पिशवी भरून शेंगा आणल्या की कोल्हापूरकडच्या माणसाला माहेरी गेल्यासारखे वाटते. येथल्या कोसंबरीत आपली कोशिंबीर ओळखू येते आणि तुप्पात आपले तूप. अण्णा आणि अक्का यांना तर कोणत्याच सीमेवर कोणी अडवलेले नाही.

येथे एक गोष्ट गंभीरपणे सांगितली पाहिजे. दोन भाषांमध्ये राहणाऱ्या माणसाला अधूनमधून दोन्हीकडून खडे लागतात. २०२५ च्या फेब्रुवारीत बेळगावकडे एका कंडक्टरला मारहाण झाल्यावरून दोन्ही राज्यांच्या एस.टी. गाड्या काही दिवस थांबल्या, तेव्हा ज्यांच्या घरी लग्नकार्ये होती त्यांची तारांबळ उडाली. दोन्ही बाजूंच्या घोषणा आपल्याला समजतात, ही आपली खास अडचण. परंतु ज्ञानपीठ मिळवणारे कन्नड कवी द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी होती. गिरीश कर्नाडांचा जन्म माथेरानचा आणि अखेरची वर्षे गेली ती या शहरात. गदगच्या बाजूचे भीमसेन जोशी पुण्याचे झाले. एवढी देवाणघेवाण झालेल्या दोन घरांतील भांडण हे भावकीचे असते. त्यात तिसऱ्याने पडू नये आणि आपण तेल ओतू नये. येथे दारात उभा राहिलेला शेजारी "ऊट आयता?" म्हणून विचारतो. जेवण झाले का, एवढाच त्याचा अर्थ. पन्नास वर्षे हा प्रश्न ऐकून माझे कान तृप्त झाले आहेत. त्याचे उत्तर कन्नडमध्ये देता न येणारा मराठी माणूस येथे राहतो, पण नांदत नाही.

ही झाली ख्यालीखुशाली. आता ती कोणाला सांगायची, हा माझ्या बोलण्याचा मुख्य मुद्दा आहे.

आज वस्तूंची वाण राहिलेली नाही. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, बाकरवडी आणि हंगामात हापूस, सगळे दहा मिनिटांत दारात येते. आणणारा मुलगा घामाघूम असतो, त्याला पुढची घंटा वाजवायची असते. आपला त्याचा संवाद 'ओटीपी सांगा' एवढाच. पूर्वीचा वाणी वजनात थोडे मारत असेल, पण सासूबाईंचा गुडघा कसा आहे हे विचारल्यावाचून पुडी बांधत नसे. तेव्हा मंडळाला बांधून ठेवणारी जुनी गरज संपली, हे आपण मान्य केले पाहिजे. आमसुलांसाठी आता कोणी मंडळात येणार नाही.

आणि घरच्या माणसांशी बोलणे? ते तर रोज होते, चेहरा दिसतो, फुकट होते. पण त्या बोलण्यात आपण काय सांगतो? 'सगळं छान.' मुलगा तिकडून म्हणतो 'सगळं छान', आपण इकडून म्हणतो 'सगळं छान', आणि दोन मिनिटांत सगळे छान संपते. पत्रातली पहिली ओळ तेवढी शिल्लक राहिली. दुसऱ्या ओळीपासूनचे पत्र गेले.

त्यात काय बिघडले, असे कोणी विचारील. आपल्याच परिचयातले एक वयोवृद्ध गृहस्थ. पत्नी गेलेली, मुलगा परदेशी. नाव सांगत नाही. २०२४ च्या त्या मार्चमध्ये त्यांच्या इमारतीला चार दिवस पाणी नव्हते. तळमजल्यावरच्या टाकीतून ते रोज बादल्या भरून तिसऱ्या मजल्यावर नेत होते. मुलाशी रोज रात्री बोलणे होई आणि रोज ते 'सगळं छान' म्हणत. मुलाला काळजी नको म्हणून. पाचव्या दिवशी ते जिन्यात पडले. शनिवारी मंडळाच्या ग्रंथालयात पुस्तक बदलायला आले नाहीत म्हणून ग्रंथालय सांभाळणाऱ्या ताईंनी फोन केला, तो उचलला गेला नाही, म्हणून त्या गेल्या, तेव्हा कळले. खुब्याचे हाड मोडले होते. ते आता काठी घेऊन चालतात. सभागृहात आहेत की नाहीत, हे मी सांगणार नाही. परंतु चार दिवसांत कोणापाशी तरी त्यांनी पाण्याविषयी नुसती कुरकुर केली असती, तरी आपल्यातले दोन तरुण बादल्या उचलायला गेले असते. कुरकुर ऐकणारे माणूस जवळ असणे, याला मी सुरक्षितता म्हणते.

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्या नातवंडांना आपण श्लोक शिकवतो, गणपतीत त्यांच्याकडून नाटुकले बसवून घेतो, आणि ती उत्तम करतात. पण पडदा पडला की चपला चावतात, भूक लागली, दादाने ढकलले, या तक्रारी ती इंग्रजीत करतात, फार तर कन्नडमध्ये. माझ्या मते भाषेची खरी परीक्षा तेथे आहे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, कन्नडला तो २००८ सालीच मिळालेला होता. दोन्हींचा आपल्याला आनंद आहे. परंतु दर्जा सरकार देते; वापर घरालाच द्यावा लागतो.

यासाठी इतिहासातले एक उदाहरण आपल्या याच शहरातून निघालेले आहे. १६३८ च्या मोहिमेनंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढे ते व्यंकोजीराजांकडे गेले. त्यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले आणि मुक्काम तिकडे हलवला. बंगळूर १६८७ साली मोगलांच्या हाती पडले आणि म्हैसूरकरांनी ते तीन लाख रुपयांना घेतले. आज शहराच्या अनेक भागांत तेवढ्यात भाड्याच्या घराची अनामतही भागत नाही. तंजावरचे भोसले राज्य १८५५ साली संपले. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला. तो लांबलचक शिलालेख आज पाहायला मिळतो, पण येणारे-जाणारे तो वाचत नाहीत. मराठी तेथे टिकली ती घरांत. राजा नाही, शाळा नाही, वर्तमानपत्र नाही, असे असून तंजावरच्या मराठी कुटुंबांनी साडेतीनशे वर्षे स्वयंपाकघरात आणि ओसरीवर ती बोलून ठेवली. तमिळ मिसळली, उच्चार बदलले, पुण्याच्या माणसाला हसू यावे अशी झाली. पण आजी नातवावर तिच्यातच रागावते. दगडावर कोरलेल्या भाषेपेक्षा रागावण्याची भाषा अधिक टिकली, यातून आपण घ्यायचे ते घ्यावे.

म्हणून पुढील पन्नास वर्षांसाठी माझ्या तीन लहान सूचना आहेत. त्यांना निधी लागत नाही. पहिली, दर महिन्याच्या कार्यक्रमाआधी अर्धा तास कोणताही कार्यक्रम ठेवू नये. चहा ठेवावा आणि नुसते बोलू द्यावे. सूत्रसंचालकाने तेवढा वेळ ध्वनिक्षेपक बंद ठेवावा. दुसरी, एकटे राहणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठ सभासदाला आठवड्यातून दोनदा फोन करण्याचे काम दोन-दोन घरांनी वाटून घ्यावे. 'कसे आहात' असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर ठरलेले आहे. 'आज पाणी आले का', 'भाजी काय केली', 'गुडघा काय म्हणतो' असे विचारावे. आणि तिसरी, आपल्या घरातल्या मुलांना मराठीत कुरकुरू द्यावे. व्याकरण सुधारायला मध्ये बोलू नये. 'माझा चप्पल चावतो' असे म्हणाला तरी आधी चप्पल पाहावी, लिंग नंतर पाहावे.

आपण दूर आलो, पण परके झालो नाही, याचे पुष्कळसे श्रेय ज्या कार्यकर्त्यांनी पन्नास वर्षे सतरंज्या घातल्या आणि उचलल्या, त्यांना आहे. त्यांतले कित्येक आज हयात नाहीत. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांनी तर काहीजणांचा निरोपही घेऊ दिला नाही. त्यांचे स्मरण करून मी माझे भाषण संपवते. समारंभानंतर जेवणाची व्यवस्था आहे, असे मला सांगण्यात आले आहे. पानावर बसताना आपल्या ओळखीच्या माणसाशेजारी न बसता अनोळखी माणसाशेजारी बसावे आणि त्याला येथवर पोहोचायला किती वेळ लागला, एवढे विचारावे. बंगळुरात या प्रश्नावर कोणीही दोन शब्दांत उत्तर देत नाही.